मदत हवी आहे: एअर रायफलच्या स्कोपचा नेम टिकत नाही

मंडळी, ठाण्यातून लिहितोय. ०.१७७ इंची छर्र्यांची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, वर ३-९x४० स्कोप (नेम धरायची दुर्बीण, ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची). रेंजवर १० मीटरला वाळूच्या पिशवीवर टेकवून झीरो (स्कोपचा नेम आणि छर्रा लागण्याची जागा जुळवणं) छान बसतो, पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ. पण वीस-पंचवीस छर्रे झाले की अख्खा ग्रुप, म्हणजे छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, खाली उजवीकडे सरकतो. पसरत नाही, नुसती जागा बदलतो, म्हणून छर्र्यांवर माझा संशय नाही.

स्कोपवरच्या नेम सरकवायच्या चकतीचा एक क्लिक १/४ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). १०० मीटरला साधारण ७ मिमी, पण १० मीटरला जेमतेम ०.७ मिमी. म्हणजे नेम सेंटिमीटरभर परत आणायला चौदा क्लिक! बोटं दुखतात राव.

स्प्रिंग गनचा झटका आधी मागे, मग पुढे बसतो. त्यात माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी पकड) सरकत असावा, कारण डव्हटेलवर (रायफलवरच्या ज्या खाचेत माउंट बसतो तिच्यावर) क्लॅम्पच्या पुढे ताजा ओरखडा दिसतोय. दुकानदाराचं एकच पालुपद, "स्क्रू अजून आवळा." स्कोपची ट्यूब चेपली तर?

स्टॉप पिनवाला (माउंट सरकू नये म्हणून अडवणारी खिळी असलेला) एकसंध माउंट घेऊ, की स्कोपच आतून गेलाय? स्कोप साध्या, काडतुसाच्या रायफलचा आहे, एअरगनसाठीचा नाही. आणि ठाणे-नवी मुंबईत माउंट नीट बसवून, क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) सरळ करून देणारं कुणी आहे का?