मदत हवी आहे: कोळंबीच्या टरफलांपासून केलेले नॅनोकण ७.४ पीएचला गोळा होतात

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत एमएस्सी करते. मिरकरवाडा बंदरावर कोळंबी सोलून झाली की टरफलांचे ढीग उरतात. त्यांतून कायटोसान (आम्लात धनभार घेणारा नैसर्गिक पॉलिमर) काढून जनुक पेशीपर्यंत नेणारे कण बनवायचे, हा माझा प्रकल्प.

टरफलांतला चुना पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात जातो, प्रथिनं कॉस्टिक सोड्यात, आणि शेवटी ५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटिनचं कायटोसान होतं. इथवर उत्तम चाललंय. ते अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून त्यात प्लाझ्मिड (जनुक वाहणारा गोल डीएनए) मिसळते आणि टीपीपी (ट्रायपॉलिफॉस्फेट, कायटोसानच्या साखळ्या बांधून कण करणारा क्षार) थेंबाथेंबानं सोडते. द्रावणाला निळसर झाक येते, म्हणजे कण झाले. जेलवर वीज सोडली तरी डीएनए वेलमधून, म्हणजे भरलेल्या खाचेतून, हलतही नाही, म्हणजे कणांनी तो घट्ट धरलाय.

पण हेच कण ७.४ पीएचच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) टाकले की तासाभरात तळाशी पांढरा साका! रक्ताचा पीएच तोच, त्यामुळे हे सुटल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. कायटोसानच्या अमाइन गटांचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या गटांवर भार असतो तो) साधारण ६.५ आहे, तेव्हा ७.४ ला धनभार बराच उतरणार हे कळतं. मात्र पीबीएसमध्ये मीठ आणि फॉस्फेटही आहे. खरा दोषी कोण? बिनमिठाच्या, बिनफॉस्फेटच्या, ७.४ च्याच हेपेस बफरमध्ये कण टिकले तर दोष मिठाचा किंवा फॉस्फेटचा, असं मानू का?

उपाय दोन दिसतात. पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी) जोडलं तर कण एकमेकांना चिकटणार नाहीत, पण पेशीलाही चिकटणार नाहीत अशी भीती वाटते. ट्रायमिथाइल कायटोसानचा (अमाइनला मिथाइल गट जोडलेलं कायटोसान) धनभार कुठल्याही पीएचला टिकतो, पण मिथाइल गट वाढले की पेशींना विषारी ठरतं. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा, सुरुवात कशानं करू? पुढे कण ठरावीक पेशींनाच चिकटावेत म्हणून फोलेटही (एक ब जीवनसत्त्व) जोडायचंय, ते पेगच्या टोकाला बसवता येईल म्हणून माझा कल तिकडे आहे.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे टरफलं आधीच सुकवून ठेवावी लागतात. शिवाय ढिगात करंदीपासून मोठ्या कोळंबीपर्यंत सगळं मिसळलेलं असतं. दर खेपेला रेणुभार बदलू नये म्हणून एकाच जातीची टरफलं निवडावीत, की सगळी एकत्र दळून एकच मोठा साठा करावा?

कणांचा आकार आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. कोल्हापूर किंवा मुंबईत बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने कुठे घेतात? नमुने एसटीनं न्यायचे तर वाटेत बर्फात ठेवू की साध्या तापमानाला?