स्टार ट्रेक (२००९): जुनं पुसलं की नुसतं बाजूला ठेवलं?

चकोर३१

(स्पॉयलर आहेत, चित्रपट पाहिला नसेल तर इथूनच परत फिरा.)

जे. जे. अब्रॅम्सच्या २००९च्या चित्रपटाबद्दल तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. खलनायक नीरो (रोम्युलन या परग्रही जमातीचा) भविष्यातून २२३३ साली येतो आणि यूएसएस केल्विन हे अंतराळजहाज उडवतो. म्हणजे २२३३च्या आधीचा इतिहास मूळ (१९६६च्या) मालिकेचा आणि या चित्रपटाचा एकच असायला हवा. मग जहाजं, गणवेश, यंत्रं सगळीच वेगळी कशी?
२. मूळ कालरेषा (जुन्या कथेचा इतिहास) नष्ट झाली की शिल्लक आहे?
३. ज्याने जुनं काहीच पाहिलेलं नाही त्याला आधी काय दाखवावं? ७९ भागांची अख्खी मालिका सुचवू नका, माणूस पळून जाईल.

माझं मत: केल्विनचा प्रसंग आणि कार्ल अर्बनचा डॉक्टर मॅकॉय अव्वल. खलनायक पोकळ. नायक कर्कची कॅडेटवरून थेट कप्तानपदी बढती कैच्याकै.

वॉर्पदहा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चित्रपटाची सगळी मदार तिथे आहे.

मूळ कालरेषा शिल्लक आहे. म्हातारा स्पॉक (अर्धा व्हल्कन, अर्धा माणूस; नट लेनर्ड निमॉय) तिथूनच, २३८७ सालातून आलेला आहे. तो आणि नीरो एकाच कृष्णविवरात ओढले जातात, पण नीरो काही क्षण आधी. पलीकडे त्या क्षणांची पंचवीस वर्षं होतात: नीरो २२३३ला बाहेर पडतो, स्पॉक २२५८ला. ब्रिजवर (जहाजाच्या नियंत्रणकक्षात) तरुण स्पॉक समजावतो की नीरोच्या येण्यानेच इतिहास बदललाय, आणि संदेश अधिकारी उहुरा त्याला 'पर्यायी वास्तव' म्हणते. चाहत्यांना दिलेलं उत्तर एवढंच, दोन वाक्यांचं.

पण स्टार ट्रेकमध्ये कालप्रवासाचे नियम दोन प्रकारचे आहेत. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' (१९६७) या भागात भूतकाळात ध चा मा झाला की वर्तमानच गायब होतो. पुढच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या 'पॅरलल्स' भागात (१९९३) मात्र असंख्य वास्तवं शेजारी शेजारी नांदतात. लेखक ऑर्सी आणि कर्ट्झमन यांनी दुसरा नियम उचलला. त्यामुळे हा रीबूटही (कथेची नव्याने सुरुवात) आहे आणि जुन्या कथेचा पुढचा भागही. जुन्या प्रेक्षकाचं काही हिरावून घेतलेलं नाही, आणि नव्या कथेत कोण मरेल याची खात्री कुणालाच उरलेली नाही. स्पॉकचा व्हल्कन ग्रह अर्ध्या चित्रपटात खलास होतो तेव्हा ही दुसरी बाजू कळते. अशी पळवाट इतक्या सफाईने वापरणारा दुसरा रीबूट मला तरी आठवत नाही.

पहिला प्रश्न: याचं सरळ उत्तर कथेत नाही. 'केल्विनवर हल्ला झाला म्हणून स्टारफ्लीटने (अंतराळ ताफ्याने) मोठी जहाजं बांधली' असं चाहते म्हणतात. पण केल्विन स्वतः हल्ल्याच्या आधीची. कप्तान पाइक कर्कला सांगतो की त्याच्या बापाने केल्विनवर बारा मिनिटं कप्तानगिरी करून ८०० जीव वाचवले. मूळ मालिकेतल्या एंटरप्राइझ जहाजावर सगळे मिळून ४३० लोक! म्हणजे आकाराची गडबड फाटा फुटायच्या आधीपासूनच आहे. मूळ एंटरप्राइझची लांबी २८९ मीटर, नवीची ७२५ सांगतात. २००९च्या पडद्याला १९६६चा पुठ्ठा चालणार नव्हता, एवढंच कारण पुरे.

जहाजावरच्या चेकॉव्हचं वय मात्र जमतं. चित्रपटात २२५८ला तो सतरा वर्षांचा, म्हणजे जन्म २२४१चा. मूळ मालिकेत १९६७च्या एका भागात तो स्वतःला बावीसचा म्हणवतो, त्यावरून जन्म २२४५ निघतो. दोन्ही साली २२३३च्या नंतरच्या, म्हणजे वेगळा चेकॉव्ह जन्मायला हरकत नाही.

तिरकसकाका

वरच्या प्रतिसादाला +१. आता विज्ञानाकडे येतो, कारण तिथे भोकंच भोकं आहेत.

चित्रपटात सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) अख्ख्या दीर्घिकेला धोका म्हणे, आणि म्हातारा स्पॉक तो कृष्णविवर करून थांबवणार. खरा सुपरनोव्हा काही डझन प्रकाशवर्षांच्या आतल्या ग्रहांना त्रास देईल, पलीकडच्यांना फक्त दिसेल. शिवाय स्फोटाचं प्रारण प्रकाशाच्या वेगाने निघून गेल्यावर मागे कृष्णविवर करून काय साधणार? घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. २०२०च्या 'पिकार्ड' मालिकेत हे सावरलं: तिथे खुद्द रोम्युलसचा सूर्यच फुटतो. हे पटतं.

'रेड मॅटर' या काल्पनिक पदार्थाचा एक थेंब ग्रहाच्या गाभ्यात टाकला की कृष्णविवर. ठीक, मानलं. पण पृथ्वीएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम ९ मिलिमीटर भरते, म्हणजे गोटीएवढं. ग्रह आत कोसळेल हे खरं, पण दूरवरच्या जहाजाला ओढ पूर्वीइतकीच राहील, कारण वस्तुमान तेवढंच आहे. शेवटी एंटरप्राइझ ज्या ओढीत अडकते आणि वॉर्प कोअर (इंजिनाचा गाभा) बाहेर फेकून त्याच्या स्फोटाच्या धक्क्याने सुटते, तो सगळा दिवाळीचा फटाका. निर्वातात धक्का पोचवायला हवा कुठे आहे?

सर्वात मोठा घोळ डेल्टा वेगा या बर्फाळ ग्रहाचा. म्हातारा स्पॉक तिथल्या बर्फात उभा राहून व्हल्कन नष्ट होताना नुसत्या डोळ्यांनी बघतो. हिशेब करू. पृथ्वीएवढा ग्रह आकाशात दहा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा दिसायचा तर अंतर सुमारे ७३,००० किमी हवं. आपला चंद्र ३,८४,००० किमीवर आहे. म्हणजे डेल्टा वेगा व्हल्कनला चिकटूनच. मग एकाच सूर्यापासून तेवढ्याच अंतरावर एकीकडे वाळवंट आणि दुसरीकडे ध्रुवीय थंडी कशी? वर १९६६च्या 'द मॅन ट्रॅप'मध्ये स्पॉकच उहुराला सांगतो की व्हल्कनला चंद्र नाही. आणि मूळ मालिकेतला डेल्टा वेगा दीर्घिकेच्या कडेला होता! नाव आवडलं म्हणून आणून चिकटवलं, त्याचा इथे बादरायण संबंध.

तरीही एका जागी शाबासकी. केल्विनच्या भोकातून एक कर्मचारी बाहेर फेकली जाते आणि त्याच क्षणी आवाज पूर्ण बंद होतो. हेडफोन लावून बघा.

लालसदरा

तिसरा प्रश्न माझा. पाच गोष्टी पुरतात, या क्रमाने:

'बॅलन्स ऑफ टेरर' (१९६६): रोम्युलन पहिल्यांदा येतात, आणि ते व्हल्कनांसारखे दिसतात हे पाहून ब्रिजवर जो संशय पसरतो तो कळतो.
'जर्नी टू बॅबेल' (१९६७): स्पॉकचे आईवडील, सारेक आणि अमांडा. हे न पाहता अमांडाचा मृत्यू अर्धाच लागतो.
'यस्टरइयर' (१९७३, अ‍ॅनिमेटेड मालिका): लहान स्पॉकला मुलं छळतात तो प्रसंग इथलाच.
'द रॅथ ऑफ खान' (१९८२): कोबायाशी मारू, म्हणजे कॅडेटांची न जिंकता येणारी परीक्षा, कळण्यासाठी अनिवार्य. त्यात कर्क परीक्षेतली लबाडी सांगताना सफरचंद खातो. २००९मध्ये तीच लबाडी करतानाही सफरचंदच. पण जुन्यात त्याला कल्पकतेबद्दल शाबासकी मिळाली होती, नव्यात चौकशी लागते. माझ्या मते चित्रपटातला हा सर्वात चांगला बदल.
'युनिफिकेशन' (१९९१, दोन भाग): स्पॉक रोम्युलसवर का जातो ते. वेळ नसेल तर हेच गाळा.

'द मेनेजरी' मुद्दाम घातलेला नाही. पाइकसाठी लोक सुचवतात, पण ते दोन भाग संथ आहेत आणि नवख्याला तिथेच झोप लागते.

आता नीरो. पोकळ वाटतो याचं कारण संकलनात आहे. पंचवीस वर्षं तो काय करत होता याचं उत्तर चित्रित झालं होतं: क्लिंगॉन या लढाऊ परग्रही जमातीच्या रुरा पेंथे तुरुंगात. ते प्रसंग कापले आणि डिस्कवर वगळलेल्या दृश्यांत टाकले. चित्रपटात त्याचा फक्त शेपूट राहिला, उहुराने पकडलेला तुरुंग-ग्रहावरचा संदेश आणि ४७ क्लिंगॉन जहाजांचा नाश. ते प्रसंग बघून मग चित्रपट पाहिला तर नीरो झालेल्या एरिक बानाचा थकलेला संताप जागेवर बसतो.

बढतीबद्दल पूर्ण सहमत. मूळ कर्क लेफ्टनंट म्हणून फॅरागट जहाजावर राबला, मग वर चढला. इथला कर्क निलंबित कॅडेट, मॅकॉयच्या इंजेक्शनने आजारी पडून जहाजावर घुसलेला, आणि शेवटी त्याच जहाजाचा कायम कप्तान. संकटात तात्पुरतं पद समजू शकतो. शेवटी 'पाच वर्षांनंतर' अशी एक पाटी टाकली असती तरी चाललं असतं.

चकोर३१

धन्यवाद सगळ्यांना. यादी जपून ठेवतो. लेन्स फ्लेअरबद्दल (भिंगात पडणाऱ्या प्रकाशाच्या रेघा) कुणीच बोललं नाही? टीव्हीवर फारच डोळ्यांत जातात.

वॉर्पदहा

ते संगणकावर चिकटवलेले नाहीत, बहुतेक सेटवरचेच आहेत. छायाचित्रकार डॅन मिंडेल. अ‍ॅनामॉर्फिक लेन्स असल्याने आडव्या निळसर रेघा पडतात, आणि त्या मुद्दाम पाडायला चौकटीबाहेरून भिंगावर प्रखर टॉर्च मारत. पुढे खुद्द अब्रॅम्सनेही अति झाल्याचं कबूल केलं.

टीव्हीवर दोन गोष्टी करा. 'व्हिव्हिड' सोडून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड घ्या, पांढरा झगमगाट तिथेच निम्मा होतो. आणि मोशन स्मूदिंग बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा मुद्दाम हलवलाय तिथे चित्र दूरदर्शनच्या मालिकेसारखं गुळगुळीत होतं. वरखाली काळ्या पट्ट्या येणारच, झूम करून त्या घालवू नका. कडेच्या खुर्च्यांवरची माणसं कापली जातात.

तिरकसकाका

रच्याकने, नीरोच्या ग्रह पोखरणाऱ्या ड्रिलवर उडी मारणाऱ्या तिघांत लाल पोशाख कुणाचा आणि सगळी स्फोटकं कुणाकडे, ते बघून ठेवा. जुन्या मालिकेत लाल सदऱ्यातलेच आधी मरत, त्यामुळे आयडी बघता लालसदरा यांना हा मुद्दा झोंबेल.

लालसदरा

ओल्सन. पॅराशूट उशिरा उघडतो आणि थेट ड्रिलच्या ज्वाळेत. मग कर्क आणि सुलूला रोम्युलनांच्याच बंदुकांनी ड्रिल फोडावं लागतं. परंपरा पाळली, तक्रार नाही.