दीड वर्षाचा मुलगा, शब्द कमी. ठाण्यात घोडबंदर साईडला ऑडिओलॉजिस्ट (ऐकण्याची तपासणी करणारे) सुचवा

मंडळी मदत हवी आहे. मुलगा १८ महिन्यांचा, बोलतो जेमतेम आई, बाबा, मंमं आणि भूभू, त्यात भूभू म्हणजे कुत्रा, मांजर, खिडकीतलं कबुतर सगळंच. समजतं मात्र बरंच, चप्पल आण म्हटलं की आणतो, हवं ते बोट दाखवून मागतो. घरी मराठी, पाळणाघरात हिंदी, त्यामुळे सासूबाई म्हणतात दोन भाषांनी गोंधळलाय, मला नाही पटत, दोन्हीकडचे शब्द मिळून मोजायचे असतात ना? डॉक्टर म्हणाले आधी कानांची टेस्ट करून घ्या, मग स्पीच थेरपीचं बघू. तर माजिवडा-कासारवडवलीकडे लहान मुलांना नीट हाताळणारं कोणी आहे का, की सरळ वांद्र्याच्या अली यावर जंग इन्स्टिट्यूटलाच (ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था) नेऊ? तिथे अपॉइंटमेंट कशी मिळते? आणि प्लीज "मुलगे उशिराच बोलतात" नको, ते रोज ऐकतेय 😅