शब्दचर्चा: पॉप्युलिझम म्हणजे लोकानुनय?

प्रश्न: ऑस्ट्रियाच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'पॉप्युलिस्ट'ला सवयीनं 'लोकानुनयी' लिहीत गेलो आणि तिसऱ्या पानावर अडलो. वाक्यांचा अर्थच उलटा होतोय. शिवाय 'प्रोपोर्त्स' हा शब्द सारखा येतो. त्याला काय म्हणावं?

उत्तर: आधी प्रोपोर्त्स घेऊ, म्हणजे पहिली अडचण का आली ते कळेल.

१९३४ साली तिथल्या काळ्यांनी आणि लालांनी (म्हणजे कॅथलिक पुराणमतवादी आणि समाजवादी) एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या. मग हिटलर, महायुद्ध आणि १९५५ पर्यंत चार परकी फौजांचा तळ. पुन्हा यादवी नको म्हणून दोन्ही पक्षांनी १९६६ पर्यंत एकत्र सरकार चालवलं आणि त्यासोबत पदंही वाटून घेतली. सरकारी कारखान्यात एक साहेब काळा तर दुसरा लाल, शाळेचा मुख्याध्यापक कुणाचा ते ठरलेलं, वाहनचालकांच्या संघटनासुद्धा दोन. नोकरी किंवा घर हवं तर खिशात पक्षाचं सभासदपुस्तक असलेलं बरं. हे प्रोपोर्त्स. मला 'हिस्सेवारी' चपखल वाटतो. 'वशिला' नको. वशिला चोरून लावतात, हे उघड होतं.

तिथे 'लाल राइश्सहेल्फ्टे' असंही म्हणतात, शब्दशः साम्राज्याचा लाल अर्धा भाग. जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दोन भागांवरून आलेली थट्टा. आपल्याकडे देवास संस्थानाची थोरली पाती, धाकटी पाती होती ना? तशी 'लाल पाती' आणि 'काळी पाती' करा.

आता लोकानुनय. मराठी वर्तमानपत्रांत हा शब्द कर्जमाफी आणि निवडणुकीच्या तोंडावरच्या फुकट वाटपासाठी येतो. अनुनय म्हणजे मनधरणी, काहीतरी देऊन खूश ठेवणं. त्या अर्थानं ऑस्ट्रियात लोकानुनय केला तो जुन्या दोन पक्षांनीच! १९८६ मध्ये फ्रीडम पार्टी ताब्यात घेणारा योर्ग हायडर याच हिस्सेवारीवर तुटून पडला. 'वरचे ते' आणि 'खालचे आपण' अशी त्याची मांडणी. १९९९ मध्ये पक्षाला २६.९ टक्के मतं पडली आणि काळ्यांना अवघ्या ४१५ मतांनी मागे टाकून तो दुसरा आला. यात मनधरणी कुठे आहे? चिथावणी आहे.

प्रतिसाद: इतकं सरळ नाही हो. हायडर केर्न्टन प्रांताचा प्रमुख असताना महागाईभत्ता म्हणून रोख शंभर युरो स्वतःच्या हातानं वाटायचा, लोक रांगा लावायचे. ही मनधरणी नाही तर काय?

उत्तर: मान्य. सत्ता मिळाल्यावर अनुनय आलाच. पण हायडरची ओळख त्यानं झाली नाही.

प्रतिसाद: मग सरळ 'लोकवाद' करा की.

उत्तर: मराठीतला 'लोक' गमतीचा आहे. 'लोक काय म्हणतील' मधले लोक आपण नसतो. 'लोकाचं पोर' म्हणजे दुसऱ्याचं. जर्मन 'फोल्क' (लोक, जनता) बरोबर उलटा, त्यात रक्ताचं, आपलेपणाचं कुंपण आहे. पक्षाचा आजचा नेता हर्बर्ट किकल स्वतःला 'फोल्क्सकान्त्स्लर' (लोकांचा चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख) म्हणवतो. १९३० च्या दशकात हे बिरुद हिटलरला लावलं जाई. तिथल्या वाचकाच्या कानात तो जुना आवाज घुमतो. 'लोकांचा चान्सलर' लिहिलंत तर लोकमान्य टिळकच आठवतील. हा शब्द मूळ ठेवा आणि अर्ध्या ओळीत इतिहास सांगा. २०२४ च्या निवडणुकीत हाच पक्ष सुमारे २९ टक्क्यांनी पहिला आला, तेव्हा लेखात तो येणारच.

पॉप्युलिझमसाठी 'जनताकैवारी राजकारण' बघा. कैवार घेणाऱ्याला समोर शत्रू लागतोच. थोडा लांब आहे, पण दिशा चुकत नाही.

मूळ प्रश्नकर्ता: 'जनताकैवारी' घेतो, हिस्सेवारीसुद्धा. फ्रीडम पार्टीचं 'स्वातंत्र्य पक्ष' करू का?

उत्तर: नको. वाचकाला राजाजींचा १९५९ चा स्वतंत्र पक्ष आठवेल, आणि तो होता खुल्या बाजाराचा. इथला 'फ्राइहाइटलिख', म्हणजे पक्षाच्या जर्मन नावातला 'स्वातंत्र्याचा' हा शब्द, जर्मन राष्ट्रवादी परंपरेतून आलेला. १९५६ मध्ये पक्षाचा पहिला अध्यक्ष झाला तो अंतोन राइनथालर हा हिटलरच्या एसएस दलातला माजी अधिकारी. फ्रीडम पार्टीच राहू द्या.