शब्दचर्चा: ‘ट्रेस रेसिड्यू’ला लेश म्हणावं की अवशेष?

मांडवीकाठ: पणजीतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलकाचा मजकूर करतोय. विषय, पृष्ठभागावरचे स्फोटकाचे ट्रेस रेसिड्यू, म्हणजे चिकटून राहिलेलं अगदी थोडं द्रव्य, अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटाने ओळखणे. मी ‘अवशेष’ लिहिलं होतं, मजकूर तपासणाऱ्यांनी ‘लेश’ केलं. कोणता ठेवू?

चिरेखाण: अवशेष नको. अवशेष म्हटलं की जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टीनचं चर्च डोळ्यांपुढे येतं, म्हणजे पडझडीनंतर उरलेलं. इथे बहुतेकदा स्फोट झालेलाच नसतो. स्फोटक हाताळलेली बोटं दाराच्या मुठीला, बॅगेच्या चेनला लागतात आणि मायक्रोग्रॅमच्या घरातलं, कधी त्याहूनही कमी, काहीतरी तिथे चिकटतं.

आबोली: लेशही नको. ‘दयेचा लवलेश नाही’ म्हणतो आपण. हा शब्द मराठीत नकाराबरोबरच नांदतो. ‘लेश आढळला’ हे संस्कृतात शुद्ध असेल, पण मराठी कानाला खटकतं. ‘अंश’ घ्या.

खाजन: अंश म्हटला की तापमान आठवतं. सरळ ‘कण’ का नको?

चिरेखाण: कारण बोटाच्या तेलात मिसळून फासलेला थर असतो तेव्हा सुटा कण दिसत नाही. बरं, फलकावर आलेख आहे का? त्यावर ‘शिखर’ लिहू नका. उभ्या अक्षावर पारगमनाची, म्हणजे आरपार गेलेल्या प्रकाशाची, टक्केवारी असली की शोषण खाली जातं आणि वाचणारा शिखर शोधत वर बघतो. ‘शोषणपट्टा’, म्हणजे प्रकाश शोषला जातो ती जागा, अक्षावर पारगमन असो वा शोषण, दोन्हीकडे चालतो.

मांडवीकाठ: आलेख टीएनटी या स्फोटकाचा आहे. 1540 आणि 1350 च्या आसपासचे पट्टे दाखवलेत.

चिरेखाण: बरोबर, नायट्रो गटाचे (एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन) ते. टीएनटीत हा गट कार्बनला जोडलेला असतो. आरडीएक्स या दुसऱ्या स्फोटकात तो नायट्रोजनला असतो, म्हणून पट्टे साधारण 1590 आणि 1270 जवळ जातात. पीईटीएन या तिसऱ्यात ऑक्सिजनला, तिथे 1650 आणि 1280 च्या आसपास. आकड्यांपुढे ‘प्रति सेंटिमीटर’ लिहाच. पुष्कळ जण ‘तरंगलांबी’ लिहितात. ही तरंगसंख्या आहे, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग बसतात ते.

खाजन: प्रात्यक्षिक पावसाळ्यात असेल तर मोठी अडचण आहे. बाष्पाच्या बारीक दातेरी रेघा 1400 ते 1800 मध्ये येतात, नेमक्या नायट्रोच्या जागेवर. सकाळी घेतलेली पार्श्वभूमी, म्हणजे नमुना न ठेवता घेतलेला वर्णपट, दुपारी चालत नाही, कारण तोवर खोलीतली दमट हवा बदललेली असते. प्रत्येक नमुन्याआधी, ज्यावर नमुना ठेवतात तो यंत्राचा स्फटिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग नवी पार्श्वभूमी घ्या. वियोजन (जवळचे पट्टे वेगळे दाखवण्याची क्षमता) 4 प्रति सेंटिमीटर, स्कॅन 32, पार्श्वभूमी आणि नमुना दोन्ही वेळी तेच. नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून दाबलेली चकती तर टाळाच. ती ओलावा ओढते, 1640 जवळ पाण्याचा पट्टा उमटतो आणि पीईटीएनचा 1650 चा पट्टा त्यात बुडतो. हिऱ्याच्या स्फटिकाला चकती लागतच नाही.

आबोली: ‘पार्श्वभूमी’ कशाला? सगळे बॅकग्राउंडच म्हणतात.

खाजन: म्हणोत. मराठी फलकावर मराठी शब्द बसत असेल तर तोच हवा.

आबोली: मग स्वॅबला काय म्हणाल? कोविडनंतर हा शब्द घरोघरी पोचलाय.

खाजन: बोळा.

चिरेखाण: बोळा म्हणजे कापूस, आणि कापूस इथे नडतो. सेल्युलोजचे पट्टे 1000 ते 1100 मध्ये जोरात येतात. चिऱ्याची धूळ असली तर तिच्यातल्या केओलिनाइटचे पट्टेही तिथेच. म्हणून पुसलेलं द्रावकात उतरवून थेंबाथेंबाने स्फटिकावर वाळवतात. अ‍ॅसिटोन हे द्रावक पुरतं उडायला हवं, नाहीतर 1715 ला त्याचाच पट्टा. शिवाय ते रंग आणि प्लास्टिक विरघळवतं, मग 1730 जवळ रंगाचं एस्टर दिसतं. अमोनियम नायट्रेट या स्फोटकातल्या क्षाराला पाणीच लागतं, अ‍ॅसिटोन त्याला जवळपास विरघळवत नाही.

मांडवीकाठ: दाबोळी-मोपा विमानतळांवर बॅग पुसून जी पट्टी यंत्रात घालतात, तीच ही पद्धत का?

चिरेखाण: नाही. विमानतळांवरची तसली यंत्रं बहुधा आयन मोबिलिटीची, म्हणजे भारित कण किती वेगाने सरकतात ते मोजणारी, असतात. ती नॅनोग्रॅमपर्यंत जातात, पण रेणूची रचना दाखवत नाहीत. फलकावर दोन्ही एकत्र लिहू नका.

आबोली: तिथे कापडी पट्टी असते, बोळा नव्हे. ‘पुसणी’ म्हटलं तर?

खाजन: पुसणी ओट्यावरची. बोळाच बरा.