मृत समुद्राची हस्तलिखितं: चाळीस वर्षांचं कुलूप समर्थनीय होतं का?

तळटीपवाला:
मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतली ज्यू हस्तलिखितं १९४७ ते १९५६ या काळात सापडली. हिब्रू बायबलच्या तोवर ठाऊक असलेल्या प्रतींहून हजारएक वर्षांनी जुनी. पहिल्या गुहेतल्या गुंडाळ्या लवकर छापून झाल्या. चौथ्या गुहेतल्या तुकड्यांची मात्र जेरुसलेमच्या रॉकफेलर संग्रहालयात सात-आठ संशोधकांत वाटणी झाली. ज्याच्या वाट्याचं त्याने छापेपर्यंत इतरांनी बघायचंसुद्धा नाही! पुढे तर हे वाटे आपापल्या विद्यार्थ्यांच्या नावे होऊ लागले, जणू वडिलोपार्जित शेत. ऑक्सफर्डचे संशोधक गेझा व्हर्मेश यांनी १९७७ मध्येच यावर झोड उठवली होती. कुलूप निघालं १९९१ ला. माझ्या मते फोटो पहिल्या दिवसापासून खुले हवे होते.

सावकाश:
असहमत. तुकडे साधारण पंधरा हजार, कित्येक नखाएवढे. कुठला कुठल्या प्रतीचा हे अक्षराच्या वळणावरून आणि कातड्याच्या पोतावरून ठरवायचं. अमेरिकी धनाढ्य रॉकफेलर या कामाला देत होते तो पैसा १९६० मध्ये थांबला, १९६७ च्या युद्धात संग्रहालय जॉर्डनकडून इस्रायलकडे गेलं. फोटो वाटले असते तर अर्धवट वाचनं घेऊन जो तो पुस्तक काढत सुटला असता.

तळटीपवाला:
तशीही निघालीच की. व्हॅटिकनने सत्य दडपलं वगैरे कहाण्या खपल्या त्या कुलूप होतं म्हणूनच. आणि याच तज्ज्ञांनी तुकडे सेलोटेपने चिकटवले होते. तो डिंक काढण्यात पुढच्यांची दशकं गेली.

वेशीबाहेरचा:
एक गोष्ट दोघेही विसरताय. जॉर्डनच्या काळात नेमलेल्या त्या चमूत एकही ज्यू संशोधक नव्हता. ज्यूंचीच हस्तलिखितं, आणि त्यांनाच प्रवेश नाही. बरं, १९६७ नंतर इस्रायलनेही जुनीच व्यवस्था चालू ठेवली. १९९० मध्ये मुख्य संपादक स्ट्रग्नेल यांनी एका मुलाखतीत ज्यू धर्माबद्दल गरळ ओकली, तेव्हा कुठे त्यांना हटवून इमॅन्युएल तोव्ह यांना आणलं.

सावकाश:
आणि तोव्ह यांनी माणसं वाढवली. तोवर ही हस्तलिखितं छापणाऱ्या अधिकृत मालिकेचे जेमतेम आठ खंड होते, पुढच्या वीस वर्षांत तीसहून जास्त निघाले. म्हणजे माणसं कमी होती हाच खरा रोग.

तळटीपवाला:
पण रेटा कोणी दिला? चमूने स्वतःपुरती एक शब्दसूची केली होती, प्रत्येक शब्द मागच्यापुढच्या शब्दांसकट. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे प्राध्यापक वाखोल्डर आणि त्यांचा विद्यार्थी अ‍ॅबेग यांनी ती संगणकात घालून मूळ मजकूरच पुन्हा उभा केला आणि १९९१ मध्ये छापला. त्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याकडची छायाचित्रं सर्वांना खुली केली. महिन्या-दोन महिन्यांत इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याची बंदी गळून पडली. मला तरी हा भाग गुप्तहेरकथेपेक्षा भारी वाटतो.

कोर्टाची पायरी:
तिथेच इस्रायली संशोधक किम्रोन यांचं प्रकरण येतं राव. 'एमएमटी' नावाचा, ज्यू धर्मनियमांवरचा मजकूर त्यांनी सहा प्रतींच्या तुकड्यांतून जुळवला, गाळलेल्या जागा स्वतः भरल्या. अकरा वर्षांची मेहनत. अमेरिकी संपादक हर्शेल शँक्स यांनी १९९१ मध्ये तो न विचारता छापला, किम्रोन यांचं नावही नाही. जेरुसलेमच्या न्यायालयाने १९९३ मध्ये एक लाख शेकेल भरपाई दिली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. तुकडे सर्वांचे असतील, जुळणी किम्रोन यांची.

तळटीपवाला:
निकाल मला पटत नाही. हा मजकूर १९८४ मध्ये परिषदेत जाहीर केला आणि पुस्तक आलं १९९४ ला. मधली दहा वर्षं बाकीच्यांनी काय करायचं? शिवाय उद्देश मूळ लेखकाचे शब्द परत मिळवण्याचा, तर त्यावर स्वामित्व कसलं? नाव गाळलं ते मात्र चूकच.

डॉकयार्ड:
संशोधक निदान कधीतरी छापतात. खाजगी संग्राहकांचं काय? मुंबईत जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून (ससून डॉकवाल्या घराण्यातले) यांनी १९२९ मध्ये दहाव्या शतकाच्या आसपासचं, जवळपास संपूर्ण हिब्रू बायबल विकत घेतलं. २०२३ मध्ये त्याचा लिलाव ३ कोटी ८१ लाख डॉलरला झाला. घेणाऱ्याने तेल अवीवच्या संग्रहालयाला दिलं म्हणून बरं, नाहीतर गेलं होतं कुणाच्या तरी तिजोरीत.

सावकाश:
ते वेगळं. इथे २०१२ पासून तुकड्यांचे उत्तम फोटो फुकट दिसतात. पण नुसत्या फोटोवरून वाचणारे किती? वाचन अजून महागड्या खंडांमध्येच.

तळटीपवाला:
सगळं नाही. किम्रोन यांनीच आपली हिब्रू संकलित आवृत्ती २०२० मध्ये इंटरनेटवर मोफत ठेवली!

सावकाश:
स्वतःच्या मर्जीने ठेवली. मी मघापासून तेच म्हणतोय.