दोन अपत्यांची अट आता मोडीत काढावी का?

पारावरचा
१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, की आपल्याकडे ग्रामपंचायत-झेडपीची उमेदवारी बाद. आंध्रानं असाच नियम २०२४ मध्ये काढून टाकला. आपणही काढावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा प्रजननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० आला, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या टिकायलाच २.१ लागतो. आमच्या गावच्या शाळेत पहिलीला यंदा चार पोरं. थोपवताय कोणाला?

मधुरा_के
गावातली पोरं आईबापांसोबत चाकण-भोसरीला गेली असतील हो, जन्मायची थांबली नाहीत! १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो, २०११ मध्ये १२१ कोटी. आज लग्नाच्या वयाच्या मुलीच इतक्या आहेत, की प्रत्येकीला दोनच झाली तरी आकडा चढणार. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतार. एवढ्यात कसली रडारड?

पारावरचा
उतार लागल्यावर जागे होऊन काय उपयोग? जपान म्हातारा झाला, पण आधी श्रीमंत झाला. आपल्याकडे किती जणांना पेन्शन आहे?

जुना_मास्तर
पेन्शनचा मुद्दा बरोबर. पण त्यावर उपाय म्हणून पोरं वाढवा म्हणणं पटत नाही. १९७६-७७ मध्ये एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. आम्हा मास्तरांना ‘केसेस’ आणायचा कोटा होता, नाही आणल्या तर पगार अडायचा. तेव्हा ‘कमी करा’, आता ‘वाढवा’. हुकूम मात्र वरूनच.

आणि गंमत बघा. जनगणनांच्या इतिहासात १९११-२१ या एकाच दशकात आपली संख्या घटली, २५.२ कोटींवरून २५.१ कोटी. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं घरंच्या घरं ओस पाडली होती. नेमक्या त्याच १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं! देशाची डोकी मोजायला नव्हे. बाळंतपणांनी बाई पिचते म्हणून. पुढे त्यापायी प्राध्यापकी गेली त्यांची.

मधुरा_के
मास्तर, मग अटीचं काय? मी तरी ठेवा म्हणते. पुढाऱ्यांनी आधी स्वतः पाळावं.

शेवंती
पुढारी कुठले? आमच्या तालुक्यात एका सरपंचबाईचं पद तिसऱ्या बाळंतपणात गेलं. दोन मुली होत्या, सासरच्यांना मुलगा हवा होता. दीर पुढच्या खेपेला निवडून आला.

पारावरचा
आणि तिसरं?

शेवंती
मुलगीच.